तिसऱ्या पायरीचा पट्टा

दर ईस्टरच्या आठवड्यात माझे बाबा चुन्याची बादली घेऊन धक्क्यावर जातात आणि सिमेंटच्या भिंतीवर हातभर लांब पांढरा पट्टा ओढतात. वय शहाऐंशी, गुडघे केव्हाच कामातून गेलेले. परवा आमच्या भाड्याच्या खोल्यांत उतरलेल्या एका बाईनं विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, "म्हातारचळ, दुसरं काय." बाबांनी ते ऐकलं आणि रात्री जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. चुकलंच माझं.

आता आगबोट थेट धक्क्याला लागते आणि मोटारी भसाभस बाहेर पडतात. माझ्या लहानपणी इथं धक्काच नव्हता. बोट दूर खाडीच्या तोंडाशी थांबायची, भोंगा द्यायची, आणि एकच माणूस होडी घेऊन तिच्याकडे जायचा. सिदेरिस होडीवाला, म्हणजे माझे बाबा. नवरी असो, बकरी असो, पिठाची पोती असोत, या बेटावर जे आलं ते त्यांच्या हातांतून आलं. म्हाताऱ्या बायकांना ते सरळ उचलून घेत. त्या लाजत, शिव्या देत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच गळ्यात हात टाकत.

नियम एकच होता. आता सिमेंटखाली गेलेल्या, कातळात खोदलेल्या पायऱ्या पाण्यात उतरत, आणि वरून तिसऱ्या पायरीवर चुन्याचा पट्टा असे. लाटेनं तो झाकला की होडी निघत नसे. पट्टा मारायची माझी आजी मारुसो. आजोबाही होडीवालेच. खवळलेल्या पाण्यात कुणा पाहुण्यांना आणायला गेले ते परतलेच नाहीत. त्या वर्षी आजीनं पहिला पट्टा ओढला आणि बाबांकडून शपथ घेतली. बाबांनी ती पाळली. एकदा तर खुद्द बिशप बोटीचा कठडा धरून ताटकळत होते. बाबांनी टोपी काढून लांबूनच नमस्कार केला आणि घरी येऊन मसुराची आमटी खाल्ली.

मी नऊ वर्षांची असताना लिझार्दोसकाका मेलबर्नहून यायचा होता, बावीस वर्षांनी. आजीचं काळीज थकलं होतं. बेटावर डॉक्टर नव्हता, पण तिचं तिला कळत होतं. "त्याला डोळे भरून बघते, मग खुशाल जाते," म्हणायची. बोटीच्या दिवशी तिनं तीळ लावून पाव भाजला आणि पायऱ्यांजवळ खुर्ची टाकून बसली. पण सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. बोट आली तेव्हा पट्टा दिसत नव्हता.

भोंगा झाला. बाबा हात खिशात घालून उभे.

"परक्यांची पोरं आणतोस," कॉफीवाला पांदेलिस म्हणाला, "आणि सख्खा भाऊ जड झाला होय रे?"

आजीच उठली. जिनं नियम केला तीच म्हणाली, "जा ना रे सिदेरिस. पट्टा माझा आहे. आजच्या दिवस मीच तुला शपथेतून सोडते."

"नाही, आई."

"मी मागतेय तुझ्याकडे."

"आम्ही दोघंही बुडालो तर कुणाला बघशील?"

आजीनं डोक्याचा रुमाल सोडला आणि हलवत राहिली. तिकडे कठड्याशी कुणीतरी कोट हलवत होतं. इतक्या लांबून चेहरा कुठला दिसायला! तिसरा भोंगा झाला आणि बोट पुढच्या बेटाकडे निघून गेली. बाबा तिथंच पायरीवर बसून रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलंय.

दोन दिवस आजी त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना हाक मारली. मी पाण्याचा पेला घेऊन शेजारीच उभी होते.

"माझ्या हातात आता जोर नाही," ती म्हणाली. "यंदाचा पट्टा तू मार."

दुपारी ती गेली.

पाचव्या दिवशी समुद्र कसा निपचित पडला होता. परतीच्या बोटीनं काका आला. होडीत पाय ठेवताच त्यानं विचारलं, "आई?" बाबांनी नुसती मान हलवली. त्यानंतर महिनाभर काका आमच्या घरात राहिला, आमच्या ताटात जेवला, पण बाबांशी चकार शब्द बोलला नाही. समोरासमोर बसून मला सांगायचा, "तुझ्या बापाला म्हणावं, मीठ दे." मला दोघांचाही राग यायचा.

ईस्टरच्या आठवड्यात बाबा बादली घेऊन निघाले. थोड्या वेळानं काकाही गेला, आणि त्याच्यामागे मी. बाबा तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकून बसले होते. पट्टा पातळ आणि वाकडा येत होता. काका खाली उतरला आणि बादली उचलून त्यांच्याजवळ धरली.

"जाड मार," तो म्हणाला. "बोटीवरून दिसला पाहिजे."