बेल वाजवणाऱ्यांची यादी

माझे पती लष्करात सुभेदार आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यांनी मला समजावून सांगितलं होतं : माझा फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. वाईट बातमी घेऊन माणसं दारात येतात, बहुतेक वेळा सोबत पोलीस असतो.

सीमेवर गोळीबार सुरू झाला त्या आठवड्यात त्यांचा फोन बंद झाला. टीव्ही दिवसातून एकदाच, संध्याकाळी साडेसातला लावायचा, असा मी नियम केला. पण टीव्हीपेक्षा दारावरची बेल जास्त छळत होती. ती वाजली की सासूबाई भिंत धरून उभ्या राहायच्या आणि माझ्या हातातलं काम तिथेच थांबायचं. म्हणून मी पनवेलच्या आमच्या घराची बेल कोण कोण वाजवतं त्याची यादी केली. दूध, पेपर, इस्त्री, कचरा, सिलिंडर, वरच्या मजल्यावरच्या काकू. एकेकाला गाठून सांगितलं, काही दिवस बेल नको, फोन करा. इस्त्रीवाल्याने कारण विचारलं नाही. तो कपडे कडीला अडकवून जाऊ लागला.

सासूबाई म्हणाल्या, "यवढी यादी कशाला? बटनच काढून टाक ना."

"आणि खरंच कुणी आलं तर?"

हे मी बोलायला नको होतं.

सहाव्या दिवशी सकाळी सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. "पोलीस हाय," एवढंच म्हणाल्या आणि खाली फरशीवर बसल्या. मग बेल वाजली. मी गॅस बंद केला, हात पुसले, दार उघडलं. हा क्रम मला अजून आठवतो.

दारात हवालदार एकटाच होता, काखेत फाइल. "पासपोर्टचं व्हेरिफिकेशन."

मुलीचा अर्ज महिन्यापूर्वी मीच भरला होता. चौकशीला पोलीस घरी येतात हेही मला माहीत होतं. यादीत तेवढा एक राहिला.

मी बाजूला झाले. तो आत आला, फरशीवर बसलेल्या सासूबाईंना बघून घुटमळला, मग खुर्चीच्या कडेवर टेकला. मी पाणी दिलं. मुलगी काय करते? खारघरला कॉलेजात. इथे किती वर्षं राहता? चौदा.

"वडील हयात आहेत?" त्याने फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. मी खात्री केल्याशिवाय कुठल्याही कागदावर काही लिहून देत नाही. सहा दिवस मला कसलीच खात्री नव्हती.

"हाय," फरशीवरून सासूबाई म्हणाल्या. "माजा पोऱ्या हाय. लिव तू."

त्याने लिहिलं. "काय करतात?"

"लष्करात असतात," मी म्हटलं.

त्याचं पेन थांबलं. त्याने आधी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढचे प्रश्न त्याने हळू आवाजात विचारले. निघताना म्हणाला, "वहिनी, मी फोन करून यायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी पतींचा फोन आला. मिनिटभरसुद्धा बोलता येणार नव्हतं. मी हॅलो म्हणते तोवर सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मी पोलिसाला लिवून दिलाय, तू हायस म्हनून," त्या त्यांना म्हणाल्या. "आता नीट रा."