सोडियम मेथॉक्साइडचा ड्रम

"बॅच फेल म्हणजे ऑपरेटर फेल," मालक म्हणाले आणि ऑपरेटर गवईकाकांवर ठपका ठेवणारा मेमो टाइपही झाला. तपासणी माझ्याकडे त्यानंतर आली. आमच्याकडे क्रम असाच असतो.

नांदुऱ्याजवळच्या छोट्या केमिकल प्लांटमध्ये मी क्वालिटी कंट्रोल बघते. त्या आठवड्यात एस्टर कंडेन्सेशन चालू होतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं इथिल ॲसिटेट हे एक एस्टर. त्यात सोडियम इथॉक्साइडची पावडर घातली की त्याचे दोन रेणू जोडले जातात आणि अल्कोहोल बाहेर पडतं. जोडून जे तयार होतं, ते औषध कंपन्या घेतात. या वेळी ते डिस्टिलेशनमध्ये ठरलेल्या तापमानाआधीच येऊ लागलं, म्हणजे ते शुद्ध नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाला सॅम्पल द्यायचं होतं.

काका लॅबमध्ये आले. वीस वर्षं रिॲक्टरवर काढलेला माणूस. मेमो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, म्या टेंपरेचर एक डिग्रीबी हालू देलं नाई. चार्ट पाहा. मंग मेमो मलेच काऊन?"

चार्ट सरळ होता. मी सॅम्पल जीसीवर लावलं. हे यंत्र मिश्रणातले पदार्थ वेगळे करून प्रत्येकाची एक टेकडी काढतं. आम्हाला प्रॉडक्टची एक टेकडी हवी होती. दोन आल्या. दुसरी मेथिलवाली; मेथिल म्हणजे इथिलचा धाकटा भाऊ.

आमच्या प्रक्रियेत मेथिल नसतंच. मी स्टोअरमध्ये गेले. ड्रमवर ठळक लिहिलं होतं: सोडियम मेथॉक्साइड. हवं होतं इथॉक्साइड. त्यातलं मेथिल एस्टरमधल्या इथिलची जागा बळकावतं आणि भेसळ तयार होते. खरेदी बघतात रवीभाऊ, मालकांचे मेव्हणे. मी त्यांना विचारलं.

"अहो मॅडम, एका अक्षराचा तं फरक हाये! दोन्ही सोडियमच. अन् हे लगेच भेटून राह्यलं होतं."

मी आवक स्लिप काढली. तपासून घेतल्याची सही माझी होती. सोमवारी रवीभाऊ 'अर्जंट' म्हणाले आणि मी न वाचताच केलेली.

मी दहा मिनिटं स्टोअरमध्येच बसले. स्लिप फाइलमध्ये परत गेली असती, तर कुणी विचारलं नसतं. काका कायमचे घरी गेले असते, एवढंच. मग चार्ट, जीसीचा कागद आणि स्लिप घेऊन मी केबिनमध्ये गेले.

मालकांनी स्लिप आधी पाहिली. "म्हणजे चूक तुमची."

"माझी आहे, सर. खरेदीचीही आहे. काकांची नाही."

"रवीचा हेतू चांगला होता."

हेतूची टेकडी जीसीवर येत नाही, म्हणून मी त्यावर मत दिलं नाही.

मालकांनी काकांचा मेमो फाडला. त्याच मजकुरावर नाव बदलून दुसरा निघाला, तो माझा. गिऱ्हाइकानं आठ दिवस थांबायचं कबूल केलं. आणि कच्चा माल कसा ओळखावा, याचं ट्रेनिंग स्टाफला देण्याची जबाबदारी रवीभाऊंवर सोपवण्यात आली. अनुभवी माणूस म्हणून.

ड्रमवरचं लेबल शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं. माल मालकाच्या मेव्हण्यानं आणला असेल, तर दोनदा.