फिक्या चहाचा रंग

डल्सी पेन्गिलीला कोणी उपाशी दिसलं की तिचा जीव कासावीस होतो, आणि तिला सगळेच उपाशी दिसतात. त्यात तिचा काही दोष नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून छत्तीस वर्षं ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर स्वयंपाकीण म्हणून रानोमाळ फिरली. चौदा-पंधरा माणसं, दिवसातून पाच वेळा खाणारी. सकाळी चॉप्स, दुपारी रोस्ट, अध्येमध्ये केक नि स्कोन. पोट भरलं नाही तर ती माणसं कातरी खाली ठेवून स्वयंपाकिणीला हाकलून द्यायची. डल्सीला कधी कुणी हाकललं नाही. आता ती एकोणऐंशी वर्षांची आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या क्वॉर्न गावात माझ्या शेजारी राहते, आणि हाताशी टोळी नाही म्हणून पाखरांना, कुंड्यांना आणि माझ्या कुत्र्याला चारते. पूर्वी तो कुंपणाखालून पलीकडे जायचा, हल्ली अडकतो.

मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. थेंब म्हणजे थेंब, चमचा म्हणजे चमचा. आमचं दोघींचं जमतं कसं, हे गावाला कोडं आहे. मलाही आहे.

डल्सीच्या कुंड्यांतली लाडकी कुंडी एचेव्हेरियाची. गुलाबाच्या आकाराचं, जाड पानांचं सक्युलंट. नोकरीच्या शेवटच्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या झाडाचं एक पान तिनं रुमालात बांधून आणलं आणि त्यावर हे वाढवलं. दर सप्टेंबरात गावच्या हॉलमध्ये झाडांचं प्रदर्शन भरतं, तिथे ती हे घेऊन जायची. अकरा वर्षं नेलं, आणि अकराही वर्षं परीक्षक हॅल्डेन यांचा शेरा एकच: ‘निरोगी, पण फार पोसलेलं.’ पहिल्या नंबरचं निळं कार्ड मरायच्या आत एकदा तरी घरी आणायचं, एवढीच तिची इच्छा होती.

हरली की ती खत बदलायची. कोंबडीखताच्या गोळ्या झाल्या, गुलाबांचं खत झालं, टोमॅटोचं झालं. माशांचं काळं पाणी घातलं त्या वर्षी आख्ख्या गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. झाड कोबीसारखं हिरवं आणि ढोलं झालं, पानं सैल पडली. शेवटी ती गांडुळांवर आली. परसात जुना बाथटब, त्यात गांडुळं, आणि खालच्या बादलीत गळणारं काळपट पाणी. हे खत तसं गरीब. साधं पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं आणि द्यायचं, एवढंच त्याचं शास्त्र. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये डल्सी गुडघा बदलून घ्यायला ॲडलेडला लेकीकडे, रोस्लिनकडे गेली. जाताना कुंडी माझ्या हातात दिली.

“पंधरवड्यातून एक कप. फिक्या चहाच्या रंगाचं. आणि ग्लेनिस, कंजूषपणा करू नकोस.”

मी कशाला करीन? मी माझा चहा कपात ओतला, शेजारी खताचं पाणी ठेवलं, आणि रंग तंतोतंत जुळेपर्यंत त्यात साधं पाणी घालत राहिले. दर पंधरवड्याला एक कप, ना थेंब कमी ना जास्त. महिनाभरात झाड आक्रसायला लागलं. मग आणखी आक्रसलं. म्हातारीनं विश्वासानं दिलेली एकच गोष्ट, आणि ती माझ्या हातून जाणार असं वाटलं.

नऊ आठवड्यांनी डल्सी आली ती काठी टेकत थेट माझ्या व्हरांड्यात.

“हे काय आहे?”

“तुझं झाड.”

“माझं झाड याच्या दुप्पट होतं. काय घातलंस त्याला? नुसता आशीर्वाद?”

“तू सांगितलंस तेच. फिका चहा.”

“खोटं बोलू नकोस गं.”

हे मात्र मला लागलं. तीस वर्षांत माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, “चल आत. तुझा फिका चहा करून दाखव.”

तिनं केला. किटलीत तीन चमचे पत्ती टाकून पुरती दहा मिनिटं झाकून ठेवली. मी माझी पिशवी कपात दोनदा बुचकळून काढली. दोन्ही कप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिचा घोड्याच्या जिनासारखा तांबडाकाळा.

“हा फिका?” मी विचारलं.

“कातरणाऱ्यांना हा दिला असता तर म्हणाले असते, भांडं विसळलंस का.” मग माझ्या कपाकडे पाहून म्हणाली, “आणि हा चहा नव्हे. दवाखान्यातलं पाणी आहे.”

एवढं बोलून तिनं कुंडी जवळ ओढली आणि उजेडात फिरवली. पानं घट्ट मिटून बसली होती, कडांना गुलाबी रंग चढला होता, पहिल्या नंबरच्या झाडांना असतो तसा.

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं हॅल्डेन तेच लिहीत होता, आणि मला वाटायचं, मेल्याला कुणी खाल्लेलं बघवत नाही.”

प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. मी म्हटलं, ने, निळं कार्ड ठरलेलं आहे.

“नियम आहे, ग्लेनिस. शेवटचे तीन महिने स्वतः जोपासलेलं हवं.”

“माझ्याकडे नऊच आठवडे तर होतं. कुणाला कळणार?”

“मला. मीच एकदा एका बाईची कुंडी याच नियमावर टेबलावरून उचलायला लावली होती.” तिनं कुंडी काखेत घेतली. “पुढच्या वर्षी. माझ्या हातानं.”

तिच्या हाताचीच मला धास्ती होती. वर्षभर हात आखडता घेणं डल्सीच्या रक्तात नाही. आठवडा गेला नाही तोच एका सकाळी ती बाथटबापाशी बादली घेऊन उभी दिसली.

“अजून आठवडा आहे,” मी कुंपणावरून म्हटलं.

“भूक लागलीय गं त्याला.”

“नाही लागली.”

ती उभीच राहिली. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग तिनं बादली ठेवली आणि घरात गेली. तासाभरानं भोपळ्याच्या स्कोनचं ताट घेऊन कुंपणाच्या फाटकातून आली आणि ते माझ्यासमोर आदळलं. “मग तू खा.”

तेव्हापासून तिचा हात शिवशिवला की ओव्हन पेटतो. पाकातले डंपलिंग, मटणाची नळी, जॅमचा रोल. मी नको म्हटलं की ती बादलीकडे बघते, मग मी खाते.

या सप्टेंबरात हॅल्डेन यांनी कुंडीपुढे निळं कार्ड ठेवलं. शेऱ्याच्या जागी एकच शब्द होता: ‘अखेर.’ डल्सी भर हॉलमध्ये रडली, नाक शिंकरलं, पुन्हा रडली. मला तिच्याहून जास्त आनंद झाला. फोटोत ती कार्ड धरून उभी आहे आणि शेजारी मी, नव्या स्कर्टमध्ये. जुना एकही आता कमरेला बसत नाही.