धरणारी

माझी नणंद प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्री धरते. डॉक्टर कायमचं झोपवणारं इंजेक्शन देतात, तेव्हा जनावराचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं, हे तिचं काम. बसल्या बसल्या ती त्याच्या कानात घरच्या कागाळ्या सांगते. माझ्या स्वयंपाकाची निंदा किती कुत्र्यांच्या कानावर गेली असेल, देव जाणे! पण तिच्या मांडीवर कुत्रं शांत होतं, हे खरं.

जागा संपली की तिथे धडधाकट कुत्रीही झोपवतात. त्यावरून गावभर वाद पेटला. कुणीतरी तिचा फोटो काढला आणि खाली ‘कसाई’ लिहून सगळीकडे पाठवला. मला तर त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. ती मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेली.

त्या सकाळी पाळी तांबड्या नावाच्या कुत्र्याची होती. एका डोळ्याने आंधळा, त्या बाजूने हात लागला की दचकून चावायचा. दोघांना चावला म्हणून त्याला कुणाच्या घरी द्यायलाही बंदी. नणंदेने डॉक्टरांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. “माझ्या हातात नाही हो,” ते म्हणाले.

मी तिला स्कूटरवरून सोडायला गेले, तर फाटकाशी ही गर्दी! घोषणा, फलक, आणि सगळ्यांच्या पुढे तिची स्वतःची लेक. मी कपाळावर हात मारला.

“आई, आज आत गेलीस तर मी घरी येणार नाही.”

 पोर बोलली की करते, आईवरच गेलीय.

“मी नाही गेले तर तो सुटेल का?”

“कुणीतरी नाही म्हणायला हवं ना?”

“मी नाही म्हटलं तर काठीच्या फासात मान अडकवून भिंतीशी दाबतील त्याला. इंजेक्शन काही चुकत नाही.”

“तू धरतेस म्हणूनच त्यांना सोपं जातं, आई.”

 नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. मागून कुणीतरी ओरडलं, “लाज वाटत नाही?” मी वळले, तर तिने माझं मनगट गच्च दाबलं. मग लेकीला वळसा घालून ती आत गेली.

घोषणा वाढत गेल्या. कुणीतरी फाटक गदागदा हलवू लागलं. लेक मात्र ओरडायची थांबली होती. माझाही जीव टांगणीला लागला होता. आज ही पोर खरंच घर सोडणार, असं वाटत होतं.

नणंद बाहेर आली. कुर्त्यावर तांबडे केस चिकटलेले. फाटक हलवणारे मागे सरले. लेक पुढे झाली.

“घाबरला का गं तो?”

“नाही. मला बघून शेपटी हलवायला लागला. त्याला वाटलं, मी सोडवायला आले.”

एवढं बोलून ती भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडली. लेकीने तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवला नाही. पदर नव्हता म्हणून बाहीनेच नाक पुसलं आणि फाटकाकडे पाहिलं.

“उद्या आणखी आहेत,” ती म्हणाली. “मी आत जाईनच. तुम्ही जरा मोठ्याने ओरडा गं.”