आमच्या साडूंचा गंज

रायपुरात गंजलेली, पोपडे निघालेली, मालकानं टाकून दिलेली अशी एकही वस्तू नसेल, जिचा फोटो आमच्या साडूंनी काढलेला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा कॅमेरा भलताच चिक्कू. पोटच्या मुलीच्या लग्नात गृहस्थ दिवसभर फोटो काढत होते. नंतर पाहतो तो काय, सगळे कार्यालयामागच्या मोडक्या बसचे! एका फोटोत नवरी सापडली, तीही धूसर. मागचं गंजकं शटर मात्र कसं लख्ख. मेहुणीबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. साडूंच्या ते लक्षातच आलं नाही.

बीरगावला एका बंद कारखान्याच्या पत्र्यासमोर हे सत्तरीकडे झुकलेले साडू पोटावर आडवे होतात. चौकीदार भंगारवाला समजून विचारतो, "कबाड़ लेना है क्या, भैया?" मग घरी येईपर्यंत यांचं तोंड फुगलेलं. अभनपूरच्या बाजारात एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं मडगार्ड निरखत होते, तर मालक जेवण सोडून कागद नाचवत धावत आला, "साहब, सब पेपर पूरा है!" साडू म्हणाले, "पेपर रहने दो, बस इसको पेंट मत कराना." बिचारा घाबरून माना डोलवत "हव साहब, हव साहब" करत राहिला.

पण त्यांचा खरा जीव आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी, अंगणात उभ्या असलेल्या माझ्या बाबांच्या स्कूटरवर. बाबा आणि साडू एकाच ऑफिसात. वर्षानुवर्षं साडू बाबांच्याच मागे बसून गेले. बाबा गेल्यापासून दर महिन्याला ते येत, उकिडवे बसत आणि पाय ठेवायच्या पत्र्याचा तोच तो फोटो काढत. मी चिडवायचो, "काहून जी भाऊजी, अजून किती गंजायची वाट पाहून राहिले?" ते म्हणत, "तुले नाही समजत. मी आहो तोवर हिले हात लावू नको, बस!" आयुष्यात माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

आणि मी ती दसऱ्याला मोडली. दसऱ्याला आम्ही गाड्या धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. बायको म्हणाली, सासऱ्यांचीच गाडी अशी कळकट बरी दिसते का? आदल्या दिवशी गल्लीतल्या पेंटरनं गंज घासला, पुट्टी भरली, चकचकीत निळा रंग मारला. मला वाटलं, साडूही खूश होतील. दसऱ्याच्या संध्याकाळी ते सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातातच राहिली. "पोट्ट्या, काय करून ठेवलं रे हे?" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. गंजासाठी माणूस रुसतो म्हणून मी चक्क हसलो.

दिवाळीत ते अल्बम घेऊन आले. पानोपानी तोच पत्रा. "ब्रेकजवळ पाह्य," ते बोट ठेवून म्हणाले. पाहिलं. रंग झिजून तिथं गंज धरला होता, बरोबर चपलेच्या आकाराचा, टाच जराशी बाहेर वळलेली. लहानपणी मोडलेला बाबांचा उजवा पाय असाच वाकडा पडायचा. "मागं बसून रोज पाहत होतो," साडू हळूच म्हणाले. त्यांनी अल्बम माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा मागितला.

आता मी दर रविवारी तो अल्बम उघडतो. आणि या माणसाबद्दल मी गावभर सांगत होतो, की हा माणसांचे फोटो काढत नाही.