चाव्या कोण कापतं?

मला लिहायची सवय नाही. तक्रारींची उत्तरं सोडली तर आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. तरीही एका माणसाबद्दल लिहायला बसलो आहे. बाजारात त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि त्या खोट्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

माझा कुलपांचा छोटा कारखाना होता. पत्र्याची शेड, अकरा माणसं, पितळी कुलपं. चाव्या कापायचं काम दादांकडे होतं. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगानं काटकुळे. कानस धरून धरून त्यांचा उजवा अंगठा चपटा झाला होता. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक लांबरुंद फळी होती. तिच्यावर तीनशे साठ खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नमुन्याची एक चावी. प्रत्येकीचे दाते वेगळे. एका नमुन्याचं कुलूप तयार झालं की दादा ती चावी उलटी टांगत. सगळी फळी उलटी होईपर्यंत तो नमुना पुन्हा कापायचा नाही, हा त्यांचा नियम. मी मालक असलो तरी त्या फळीला कधी हात लावला नव्हता.

पॉलिशवाल्या बाई त्यांची रोज फिरकी घेत. एकदा म्हणाल्या, "दादा, तुमच्या स्वतःच्या घराला कुठलं कुलूप लावता हो?"

"घरात चोरण्यासारखी एक बायकोच आहे. नेईल तो सकाळी आपणहून आणून सोडेल."

"वहिनींना सांगते हं!"

"सांगा की. हे तिचंच वाक्य आहे."

मग ते वर्ष आलं. बांधकामं अर्धवट थांबली. नवी दारंच लागत नव्हती, तर कुलपं कुणाला हवीत? त्यात बाहेरून ओतीव लोखंडाची स्वस्त कुलपं आली. वरून चकाचक, आत सगळा आनंदीआनंद. आमच्या शेडमध्ये दुपारनंतर यंत्रांचा आवाज बंद व्हायचा. माणसं मुद्दाम हळू काम करत, म्हणजे काम नाही हे दिसू नये. मी केबिनमधून ते पाहायचो. कुणालाही काढणार नाही, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. आता ते शब्द मागे घेता येत नव्हते.

हिशेब सरळ होता. कुलपाच्या आतल्या पट्ट्या चावीच्या दात्यांशी जुळवाव्या लागतात. नमुने तीनशे साठ असले की प्रत्येक पट्टी हातानं घासायची. नमुने बाराच ठेवले तर सगळ्या पट्ट्या प्रेसवर एका दमात निघतात, आणि कुलूप त्या ओतीव कुलपांच्या भावात देता येतं.

मी दादांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मालक, मग त्याला कुलूप म्हणू नका. दाराचा दागिना म्हणा."

"दादा, कुणाला कळणार आहे? शेजाऱ्याची चावी आपल्या कुलपात घालून बघतं का कुणी?"

"कुणी बघत नाही, कारण लोकांचा विश्वास आहे. आपण तोच तर विकतो. पितळ काय, भंगारातही मिळतं."

"आणि अकरा घरं? त्यांचं काय करू?"

यावर ते उठून आपल्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच केबिनमध्ये आले. "अजूनही सांगतो, नको. पण करायचंच असेल तर एक अट. एका गिऱ्हाइकाला एकाच खोक्यातली कुलपं द्यायची. खोक्यात बारा, बाराही वेगळी. दुसरं खोकं दुसऱ्या गावाला." मी हो म्हणालो. त्या दिवशी फळीवरच्या तीनशे अठ्ठेचाळीस चाव्या त्यांनी स्वतः उतरवल्या.

दोन-तीन महिने बरे गेले. मग आमचा माल विकणाऱ्या एका हार्डवेअरच्या दुकानदारांचा निरोप आला. नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका वसतिगृहाला साठ कुलपं हवी होती, तीही तातडीनं. कित्येक आठवड्यांत आलेलं पहिलं मोठं काम. दादा त्या दिवशी मुलीच्या सासरी गेले होते. मी स्वतः पाच खोकी टेम्पोत चढवली. अट मला आठवत होती. विसरलो असं म्हणालो तर तेही खोटं होईल.

पुढे काय झालं ते सोपं आहे. वसतिगृहातली एक बाई कामावरून दमून आली आणि चुकून एक मजला खाली थांबली. चावी लावली, कुलूप उघडलं. आत बघते तर आपली गादी नाही, कपडे नाहीत, भिंतीला भलतंच कॅलेंडर. तिनं 'चोरी झाली' म्हणून ओरडून इमारत गोळा केली. चूक लक्षात आल्यावर लोक आधी हसले. मग कुणीतरी सहज आपली चावी शेजारच्या कुलपात घालून पाहिली. त्यानंतर कुणी हसलं नाही. त्या रात्री बायका दारांना खुर्च्या लावून झोपल्या म्हणे.

दोन दिवसांनी वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई आणि दुकानदार पोतंभर कुलपं घेऊन शेडमध्ये आले. बाईंनी पोतं जमिनीवर ओतलं. सगळी यंत्रं थांबली.

"चाव्या कोण कापतं?" दुकानदारांनी विचारलं.

प्रश्न मला होता. 'बाराच नमुने करायचं मी ठरवलं,' इतकंच बोलायचं होतं. पण हे बाजारात कळलं तर कारखाना बुडेल, असं मनात आलं. निदान तेव्हा तरी मी स्वतःला तसं सांगितलं.

मी म्हणालो, "चाव्यांचं काम दादांकडे असतं."

शब्द खरा होता. तरी त्याच्याइतकं खोटं मी कधी बोललो नाही.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले आणि बाईंना म्हणाले, "चूक झाली. सगळी बदलून देतो."

"वय झालं, नजर गेली. घरी बसवा आता यांना," दुकानदार म्हणाले. पॉलिशवाल्या बाई काही बोलायला पुढे आल्या, तर दादांनीच मान हलवून त्यांना थांबवलं.

साठ कुलपं त्यांनी हातानं घासून दिली. महिना संपला आणि त्यांनी येणं बंद केलं. दुसऱ्या कुणी त्यांना काम दिलं नाही. बाजारानं त्यांचं नाव ठेवलं, 'एकचावी'. माझा कारखाना मात्र तगला. 'मंदीतही एक माणूस काढला नाही,' असं लोक माझ्याबद्दल बोलत आणि मी ते ऐकून घेत असे.

वीस वर्षांनी, कारखाना विकून झाल्यावर, त्यांच्या घरी गेलो. मुलीनं दार उघडलं. दादा खिडकीशी बसले होते. खूप वाळले होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं.

"बसा तरी," ते म्हणाले. "एवढंच सांगायला आलात?"

"हो."

"मग चुकीच्या घरी आलात. मला हे तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

'माफ केलं' असं काहीतरी ते म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. तीही लाजिरवाणीच.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार आता गल्ल्यामागे नुसते बसून असतात. दोन गिऱ्हाइकं उभी असतानाच मी सांगितलं, कारण ती गेल्यावर धीर झाला नसता.

ते खो खो हसले. "म्हणजे डोकं तुमचं होतं होय! वा! मंदीत टिकायचं तर असंच करावं लागतं. मी उगाच त्या एकचावीला बोललो."

"त्यांना तसं म्हणू नका."

"अहो, आता सगळे तेच म्हणतात. खरं नाव आठवतंय कुणाला?"

मला जी शरम वाटत होती, तिचं त्यांनी दोन मिनिटांत कौतुक करून टाकलं. "बाजारात सांगा हे," असं म्हणालो. "सांगेन की," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवू लागले. ते सांगणार नाहीत.

म्हणून आमच्या व्यापारी संघाच्या अंकासाठी हे लिहून देतो आहे. तो अंक त्या बाजारातल्या प्रत्येक दुकानात जातो. चाव्यांचे नमुने बारा करायचा हुकूम माझा होता. पाच खोकी एका जागी मी पाठवली. दादांनी दोनदा नको म्हणून सांगितलं होतं.