खालून कापणारे साहेब

रहांगडाले साहेब अंदाजपत्रक शेवटच्या पानापासून वाचायचे. वाचायचे कसले, कापायचे! लाल पेनाने तळातल्या कामावर रेघ ओढायची, बेरीज बघायची, नाहीच बसली तर त्याच्या वरच्या कामावर दुसरी रेघ. बेरीज मंजूर रकमेत बसली की सही. पहिलं पान त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या कार्यालयाची दुरुस्ती दोन वर्षं रखडली होती. अर्जुनी मोरगावहून कागद जिल्ह्याला जायचा, रमतगमत परत यायचा, तोवर सिमेंट, रेती, टाइल्स सगळंच महागलेलं असायचं. रक्कम मात्र जुनीच. मग नव्या भावाने नवी यादी, पुन्हा लाल पेन. साहेब म्हणायचे, "सिमेंट का आपल्यासाठी थांबून रायते का? महागाई खालून चढून राहिली, त कापाचं बी खालूनच."

यादीत सगळ्यात वर साहेबांच्या केबिनची फॉल्स सिलिंग असे आणि तळाला महिलांचं शौचालय. महागाईलासुद्धा हुद्दा कळतो, हे मी तिथे शिकले.

कार्यालयात बायका दोनच: मी लिपिक आणि शिपाई शेवंताबाई. आम्ही रस्त्यापलीकडच्या एका घरी जायचो. तिथली सून दार उघडायची, पण तोंड वाकडं करून. ते तोंड बघायला नको म्हणून मी भर मे महिन्यातही पाणी पीत नसे. व्हायचं तेच झालं, लघवीचं दुखणं जडलं. लाज सोडून साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, मी काऊन नाही म्हणीन? पण भाव त पाहा!"

तिसऱ्या वर्षी यादी टाइप करताना मी शौचालय पहिल्या क्रमांकावर नेलं आणि फॉल्स सिलिंग तळाला. साहेबांनी सवयीने शेवटचं पान उघडलं, एक रेघ ओढली, बेरीज जमली, सही ठोकली.

या खेपेला कागद भाव चढायच्या आत परत आला आणि शौचालय झालं. साहेब तापलेल्या स्लॅबखाली घाम पुसत आल्यागेल्याला सांगू लागले, "लेडीज स्टाफसाठी मी माही सिलिंग सोडली." महिला दिनाला त्यांचा सत्कारही झाला. हार मलाच आणावा लागला.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "यादी तुम्हीच फिरवली ना?"

"हो, साहेब." आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली.

ते ओरडले नाहीत. "मी पहिलं पान पाहत नाही, हे तुमाले पहिल्यापासून मालूम होतं. टाइप बी तुम्हीच करत होत्या. मंग दोन वर्षं कायले थांबल्या?"

डबा पिशवीत टाकून ते सौंदडची गाडी पकडायला निघून गेले. त्यांच्यावर इतके दिवस जपून ठेवलेला राग आता कोणावर काढायचा, ते मला कळेना.